भाडं नको, नंबर द्या

आम्ही शेत मागायला गेलो होतो. शेती करायला नव्हे, गाड्या पळवायला. ओट्यावर बसलेल्या माणसाने आमचं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि विचारलं, "त्या दिवशी भरती कधी हाय, बघितलं काय?"

मी सेक्रेटरीकडे बघितलं, सेक्रेटरीने माझ्याकडे. हा आमच्या क्लबचा सेक्रेटरी, गिरीज गावचा मुलगा, घरची केळीची वाडी. क्लब म्हणजे तेव्हा सगळी मिळून अकरा डोकी, सात जुन्या गाड्या आणि एक स्टॉपवॉच. आम्ही हेल्मेटचा विचार केला होता, सीटबेल्टचा केला होता, पोलिसांच्या परवानगीचा केला होता. समुद्राचा विचार कशाला करू?

"काका, भरतीचा काय संबंध? शर्यत जमिनीवर आहे," मी म्हटलं.

"बरं," काका म्हणाले, आणि हसले. ते हसणं पुढे तीन महिने माझ्या डोक्यात जाणार होतं.

मग सेक्रेटरीने भाड्याचं विचारलं. काकांनी हात हलवला. "भाडं नको. मना नंबर पायजे."

"कसला नंबर?"

"गाडीच्या दारावर गोल काढून लिवतात ना, तो. मी बी चालवनार."

सेक्रेटरी एकदम खूश. जागा फुकट मिळत होती, वर एक स्पर्धक वाढत होता. "वा! कुठली गाडी आहे तुमची?"

"गाडी नाय," काका शांतपणे म्हणाले.

असा हा माणूस. साठी उलटलेली, वसईच्या खाडीकडच्या गावात बांधाला लागून भातशेती. एकतीस वर्षं एका कारखान्याच्या कामगारांची बस चालवून निवृत्त झालेला. स्वतःची गाडी आयुष्यात नव्हती, कधी घ्यावीशीही वाटली नव्हती. पण दारावर नंबर मात्र पाहिजे होता! हे कधीपासून मनात होतं, कुणाला ठाऊक. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मना काय म्हाईत? लग्न झाल्यापासून रोज सकाळी बस पुसताना काय पुटपुटायचा, ते मी कधी ऐकलं नाय."

आमची शर्यत कशी असते ते सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल दहा गाड्या एकमेकींना धडका देत सुटतात. तसलं काही नाही. मोकळ्या जमिनीवर खुणा लावून वाकडातिकडा रस्ता आखायचा. एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. दोन फेऱ्या मिळतात, त्यातली चांगली धरायची. ज्याला वेळ कमी लागला तो पहिला. खुणेसाठी प्लास्टिकचे शंकू आणतात लोक. आमच्याकडे तेवढे कुठले? सेक्रेटरीच्या वाडीत घड काढल्यावर केळीचे बुंधे कापूनच टाकायचे असतात. त्यांचे गुडघाभर उंचीचे तुकडे करून, चुना फासून आम्ही उभे केले. बुंधा पडला की दोन सेकंद दंड. गाडीला ओरखडा येत नाही, खिशाला तर नाहीच नाही. वसईत राहून शर्यतीवर खर्च करणं हा मूर्खपणा आहे, असं माझं आज मत आहे.

मी नालासोपाऱ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढायचं. दिवसभर सगळं हळू, जपून, "दुखणार नाही हं" म्हणत म्हणत. त्यामुळे रविवार आला की माझ्या अंगात वारं शिरतं. बाबांची जुनी आठशे सीसीची गाडी सोसायटीच्या आवारात धूळ खात होती, ते ती भंगारात द्यायला निघाले होते. मी गाडीच्या बॉनेटवर बसून राहिले, अक्षरशः. शेवटी बाबांनी हात टेकले. "घे बाई, पण मला परत आणून दाखवू नकोस."

मग या एका गाडीत दोघं, मी आणि काका. आमच्या नियमात ते बसत होतं: दोन स्पर्धक एक गाडी वापरू शकतात, फक्त पाठोपाठ पळायचं नाही, मध्ये गाडीला थंड व्हायला वेळ द्यायचा. सेक्रेटरीने मला बाजूला घेऊन विनवलं, "प्लीज यार, जागा हातची जाईल." मला मुळीच मान्य नव्हतं. म्हटलं, हा म्हातारा माझी गाडी बांधावरून थेट खाडीत घालणार. पण सोसायटीत गाडी ठेवायची सोय संपली होती आणि काकांच्या अंगणात मांडव होता. मी चडफडत हो म्हटलं.

दुसऱ्याच रविवारी गेले, तर ओट्यावर माझ्या गाडीची मागची सीट! आणि तिच्यावर काकी मांडी घालून वालाच्या शेंगा सोलतायत.

"काका! हे काय केलंत?"

"मागं कोन बसनार हाय?" काका गाडीखालून म्हणाले. "वजन कशाला न्यायचं? बस पाच टन, इंजिनानं वढायची म्हनजे नाइलाज. इथं नाइलाज नाय."

सीट गेली, पायपुसणी गेली, बाबांनी हौसेने बसवलेले स्पीकर गेले, डिकीतलं एक जुनं छत्रीचं खोकं गेलं, डॅशबोर्डवरचा गणपती काढून काकींच्या देव्हाऱ्यात गेला ("त्याला बी घाबरवायचं कशाला?"). फुकटात गाडी पळायला लागली. क्लबमधली पोरं सायलेन्सर बदलत होती, स्टिकर लावत होती. मीही मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बघून ठेवला होता, बोनस त्यातच घालवणार होते. काकांनी विचारलं, "आवाजानं चाक फिरतं काय गो?" आणि मला ब्रेक आणि टायर घ्यायला लावले. बस्स. बाकी काही नाही. कोणी मला आज विचारलं की सुरुवात कशी करू, तर मी हेच सांगते: काढता येईल ते काढा, थांबवणारं आणि जमिनीला धरणारं तेवढं नवीन घ्या, आणि उरलेल्या पैशाचं पेट्रोल टाकून चालवत राहा.

काकांना स्वतःला शर्यतीत उतरवणं हा मात्र वेगळाच सोहळा होता. ते कामावरचा खाकी शर्ट इस्त्री करून घालायचे. खिशाला पेन. हेल्मेटखाली घडी घातलेला नॅपकिन. सुरुवातीच्या रेषेवर आले की दोन्ही आरसे बघायचे, मागे वळून रिकाम्या गाडीत नजर टाकायचे आणि मग दोनदा हॉर्न. पहिल्या शर्यतीत तर त्यांनी कहरच केला. प्रत्येक वळणाला इंडिकेटर! त्या मोकळ्या शेतात, समोर दुसरी गाडी नाही, आणि माझी गाडी डावीकडे टिकटिक, उजवीकडे टिकटिक करत केळीच्या बुंध्यांमधून पळतेय. लोक पोट धरधरून हसले. वेळ जाहीर झाल्यावर हसणं थांबलं. काका माझ्यापेक्षा दीड सेकंदाने पुढे होते.

मला जे काय झालं ते विचारू नका. माझी गाडी! माझे टायर! आणि हा माणूस हॉर्न वाजवून, इंडिकेटर देऊन मला मागे टाकतो!

"कसं केलंत?" मी दात ओठ खात विचारलं.

"तू लई उठवतेस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

म्हणजे काय ते त्यांनी पुढच्या रविवारी दाखवलं. सरावाला माझ्या शेजारी बसले, पट्टा लावला, हात पोटावर ठेवले आणि झोपले. म्हणजे डोळे मिटले. "चालव," म्हणाले. मी निघाले. पहिल्या वळणाला ब्रेक मारला, त्यांची मान पुढे गेली. "उठलो!" ते ओरडले. मी गिअर टाकला. "उठलो!" स्टिअरिंग झटक्यात सोडलं. "उठलो!" एका फेरीत हा माणूस नऊ वेळा उठला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पहिल्या पाळीला बसमध्ये पन्नास माणसं झोपलेली असायची, ते सांगायचे. कुणी रात्रभर आजारी मूल घेऊन बसलेली, कुणी उशिरापर्यंत जाळी दुरुस्त करून आलेलं. काका आरशातून रस्ता बघायचे नाहीत, मानांकडे बघायचे. वळणावर एकही मान हलली नाही तर वळण बरोबर घेतलं. ब्रेक लागला म्हणजे आधी कुठंतरी चुकलास, हा त्यांचा ठाम सिद्धांत. "आनि झोपलेल्या मानसाला घेऊन बस लेट केली नाय मी कधी. सावकाश चालवायची नाय. न उठवता चालवायची. दोन येगळ्या गोष्टी हायेत."

मला वाटलं, हे सगळं ऐकायला छान आहे, पण शर्यतीत काय उपयोग? आणि मग फेब्रुवारीच्या एका रविवारी ते एकदाही उठले नाहीत. पूर्ण फेरी. मी गाडी थांबवली, शेजारी बघितलं, तर डोळे मिटलेले. मी त्यांचा खांदा हलवला. "काका?" काकांनी एक डोळा उघडला. "पोचलो काय?" सेक्रेटरी घड्याळ नाचवत धावत आला. माझी तोवरची सगळ्यात वेगवान फेरी होती ती, दोन माणसांच्या वजनासकट! मी गाडीतून उतरून शेतात गोल गोल पळाले. काकी ओट्यावरून ओरडल्या, "गाडी थांबली तरी ही पलतेच हाय!"

भरतीचं राहिलंच. पहिल्याच शर्यतीला आम्ही ऐन अमावस्येचा रविवार धरला होता. काकांनी विचारलं होतं, आम्ही ऐकलं नव्हतं. दुपारी उधाणाची भरती आली. पाणी बांधाच्या वरून आलं नाही, जमिनीखालून आलं, खेकड्यांच्या बिळांतून, भेगांतून. दोन वाजेपर्यंत शेताच्या खालच्या अंगाला नुसता राडा. तीन गाड्या रुतल्या, घड्याळवाल्याच्या टेबलाचे पाय अर्धे आत गेले. शेजारच्या ट्रॅक्टरने सगळं ओढून काढेस्तोवर नाकी नऊ आले. काका बांधावर उभे राहून तेच हसत होते. तेव्हापासून क्लबमध्ये एक गोष्ट सगळ्यांनी गाठीला बांधली: भरतीच्या आधी पळून घ्यायचं. पाणी आलं की संपलं.

आणि आता त्या मोसमातली शेवटची शर्यत. तिचं काय ते सांगायला हवं, कारण त्यासाठीच मी हे लिहायला बसलेय.

एका टायरवाल्याने बक्षीस लावलं होतं. नव्याने सुरू केलेल्यांच्या गटात जो पहिला येईल, त्याला दक्षिणेकडच्या एका खऱ्या ट्रॅकवर पूर्ण दिवस. डांबरी ट्रॅक, शर्यतीची गाडी त्यांची, शिकवणारे त्यांचे, जाण्यायेण्याचं तिकीट देणार. सोबत एक मदतनीस नेता येईल. आमच्यासारख्यांना हे स्वतःच्या जिवावर कधी जमणार? मी रात्री झोपेत गिअर टाकत होते. आई म्हणायची, पाय झाडतेस. मला ते हवं होतं, इतकं हवं होतं की लॅबमध्ये सुई टोचताना माझ्या मनात वळणं यायची.

नव्यांच्या गटात आम्ही सात जण होतो. त्यातले पाच सोडून द्या. उरलेले दोघे एकाच गाडीत. मी आणि काका.

त्यांना ते किती हवं होतं, हे मला आधी कळलं नव्हतं खरं. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "तिथं वळनं किती हायेत?" मी सांगितलं, बारा. "बारा," ते म्हणाले. शर्यतीआधी काकींनी मला हळूच दाखवलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला काकांनी त्या ट्रॅकचा नकाशा काढला होता, कुणाच्या तरी मोबाइलवरून बघून. बारा वळणं, प्रत्येकाला नंबर.

शर्यत पौर्णिमेला आली. म्हणजे पुन्हा उधाण, साडेबाराच्या सुमाराला भरती. सगळ्यांना घाई. कोण आधी पळणार यावरून हमरीतुमरी. एका गाडीतल्या दोघांनी आपापसात ठरवायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "तू आधी जा गो. मी जाईन मागनं."

एवढं हवं असूनही कोरडी जमीन माझ्यासाठी सोडली या माणसाने! मी नको नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. मी निघाले. फुफाटा उडत होता, खालच्या वळणाला गाडीचा मागचा भाग घसरला, सावरला, एकही बुंधा पडला नाही. अठ्ठावन्न सेकंद आणि चार दशांश. टाळ्या! मी काकांच्या पाया पडायचीच बाकी होते.

एकच्या सुमाराला काका निघाले. खालच्या अंगाची जमीन काळपट दिसायला लागली होती. मला वाईट वाटत होतं. दोन हॉर्न झाले, इंडिकेटर लागला. आणि ती गाडी त्या खालच्या वळणाला अशी चिकटून गेली की सेक्रेटरी "अगं बाई!" म्हणाला. सत्तावन्न सेकंद, एक दशांश.

मला काही कळेना. ओल्या जमिनीवर जास्त वेगात कसं? जेवायला सगळे मांडवात गेले तेव्हा मी बूट-मोजे काढले आणि अनवाणी खाली चालत गेले. वरच्या बाजूला पाय फुफाट्यात बुडत होते. खालच्या वळणाला आले, आणि पायाखाली जमीन गार, घट्ट, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखी. खालून ओल आली होती, तिने धूळ धरून ठेवली होती. चिखल अजून झाला नव्हता. म्हणजे कोरडी जमीन वाईट होती! चांगली जमीन भरतीनंतरची! राडा व्हायच्या आधीचा तेवढा तासाभराचा वेळ!

मी तशीच पळत मांडवात गेले, हातात बूट. काका भाकरी खात होते.

"काका! तुम्ही मला मुद्दाम आधी सोडलंत!"

"हां."

"मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी चांगली जमीन सोडलीत!"

काकांनी घास खाली ठेवला. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "सोडू कशाला? शर्यत हाय ना?"

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू इचारलंस कुठं?"

मी हातातले बूट जमिनीवर आपटले. आणि खरं सांगू? त्या रागाच्या तळाशी मला इतका आनंद झाला होता की मी हसायलाच लागले. एवढ्या दिवसांत मला सगळ्यांनी "मुलगी असून छान चालवते" असं म्हणून कौतुकाने थोपटलं होतं. हा पहिला माणूस, ज्याला मला हरवण्यासाठी डोकं लढवावंसं वाटलं!

"दुसऱ्या फेरीला मी मागून जाणार," मी म्हटलं.

"जा. मगाशी मी ठरवलं, आता तू ठरव."

काका आधी गेले. छप्पन्न सेकंद, आठ दशांश. मांडवात शिट्ट्या. आता मला ते मोडायचं होतं. पण कधी निघायचं? गाडी थंड होईपर्यंत थांबणं भागच होतं, पण त्यापुढे किती? लवकर गेले तर वरची धूळ, उशीर केला तर खाली राडा. ते कळणारा माणूस त्या शेतात एकच होता.

मी काकांकडे गेले. सेक्रेटरीने माझा दंड धरला. "वेडी आहेस का? तो तुझ्याविरुद्ध आहे. त्याला काय विचारतेस?"

"काका," मी म्हटलं, "आता विचारते. कधी जाऊ?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग कॅनव्हासचे बूट काढले आणि खाली गेले. वळणावर डोळे मिटून उभे राहिले, दोन पावलं इकडे, दोन तिकडे. पोरं चुळबुळत होती. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा मला आवडला नाही. काहीतरी हातातून सुटल्यासारखा दिसत होता.

"आत्ता जा," ते म्हणाले. "चार मिनटांनी नाय, आत्ता. आनि खालचं वळन आतनं नको घेऊ. आत पानी वर आलंय. बाहेरनं घे, लांब पडेल पन धरेल."

माझा हात पट्ट्यावर थांबला. लांबून घेतलं की वेळ जास्त लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल. "खरं ना काका?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते असे भडकले की मी सीटला चिकटले. "एकतीस वर्षं समोरून येनाऱ्या ड्रायवरला हात करून पुढचा रस्ता सांगितला मी! पुढं खड्डा हाय, पुढं म्हैस हाय. कोन कुठला ते बघितलं नाय. रस्त्याचं खोटं मी बोलायचा नाय. हरवीन तुला, पन खोटं बोलून नाय. जा!"

मी गेले. आई शप्पथ, तशी मी पुन्हा कधी गेले नाही. वरचं वळण, बुंधे, बुंधे, डावीकडे, उजवीकडे, माझ्या शेजारी कुणीतरी झोपलंय असं धरून मी एकाही मानेला धक्का न लावता त्या उतारावरून खाली आले. आतलं वळण मोकळं दिसत होतं, जवळचं, हाताशी. हात आपोआप तिकडे वळायला लागले. मी ते बाहेर ओढले. लांबून गेले. आणि जमिनीने गाडी धरली! अशी धरली की मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही, आणि ओरडतच रेषा ओलांडली.

छप्पन्न सेकंद, तीन दशांश.

माझ्यामागून जो निघाला तो खालच्या वळणाला आतून गेला आणि दाराच्या कडीपर्यंत रुतला.

पोरांनी मला खांद्यावर घेतलं, खाली पाडलं, परत घेतलं. मी काकांना शोधत होते. ते नव्हते. काकींनी हनुवटीने बांधाकडे खूण केली.

ते बांधावर बसले होते, खाडीकडे तोंड करून. मी बाजूला बसले. मला वाटलं ते शाबासकी देतील. निदान हसतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मना जायचं होतं गो," ते म्हणाले. "लई जायचं होतं."

"काका, चला ना माझ्याबरोबर. एक मदतनीस नेता येतो. तुम्हीच—"

"मदतनीस?" ते ताडकन उभे राहिले. "टायर पुसायला? तुझी बाटली धरायला? मी ड्रायवर हाय. जाईन तर ड्रायवर म्हनून जाईन." आणि चालायला लागले.

बावीस दिवस बोलले नाहीत. मी रविवारी जायचे, गाडी पुसायचे, ते समोरून म्हैस गेल्यासारखे जायचे. काकी फोनवर सांगायच्या, "जेवतोय, पन भांडून जेवतोय." मी एकटीच दक्षिणेला जाऊन आले. मदतनिसाची जागा मी रिकामी ठेवली. बारा वळणं घेतली, फार भारी होतं सगळं, पण प्रत्येक वळणाला वाटत होतं, हे त्यांचं होतं. परत आल्यावर मी त्यांना काहीएक सांगितलं नाही. तेविसाव्या दिवशी ते मांडवात आले, म्हणाले, "पट्टा लाव. झोपतो मी," आणि सराव सुरू झाला.

पुढच्या मोसमात टायरवाल्याने तेच बक्षीस ठेवलं, पण आता सगळ्या गटांना मिळून एकच. क्लबात तोवर तीस-पस्तीस जण झाले होते, चांगल्या चांगल्या गाड्या आल्या होत्या. या वेळी मीही भरतीचं कोष्टक पाठ करून आले होते, जमीन मलाही कळायला लागली होती, आणि मी अजिबात, तिळभरही, काही सोडणार नव्हते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. "सोडलंस तर तुझ्याशी बोलायचा नाय," ते म्हणाले. मी जीव तोडून चालवलं. दुसरी आले. माझ्या पुढे, दोन दशांशाने, बासष्ट वर्षांचा एक माणूस होता.

त्यांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट केलं. "मदतनीस," ते म्हणाले.

आणि मी गेले. गळ्यात तसं लिहिलेला बिल्ला अडकवून, एका हातात टायर पुसायचं फडकं, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. त्या डांबरी ट्रॅकच्या कठड्यापाशी मी उभी राहिले, आणि खाकी शर्टातला माझा ड्रायव्हर पहिल्या वळणाला नाहीसा झाला तेव्हा शेजारच्या शिकवणाऱ्या माणसाला मी गदागदा हलवून मराठीतच सांगितलं, "बघा, बघा, आता अजून अकरा आहेत!"